सूपभर कोंड्याला विकलेला

खर्ड्याच्या बाजारात नवखा माणूस आला, की आम्हा पोरांना हमखास विचारायचा, "कुणाचा रे तू?" बाकीची पोरं बापाचं नाव सांगत. मी सांगायचो, "पिंजारणीचा." तो माणूस माझ्या कपाळावरच्या गंधाकडे बघायचा, मग उजव्या नाकपुडीतल्या भोकाकडे बघायचा आणि "असं होय" म्हणून पुढे जायचा. ज्याला कळायचं त्याला कळायचं.

आम्ही सुतार. माझ्याआधी आईला तीन मुलगे झाले आणि तिन्ही पाळण्यातच गेले. मी झालो तेव्हा सुईणीने मला आईच्या कुशीत दिलंच नाही. बाहेर ओसरीवर समोरच्या घरातली पिंजारीण बसली होती, तिच्या ओटीत टाकलं. पिंजारणीने आणलेला सूपभर कोंडा आईच्या पायाशी ओतला आणि सौदा झाला. ज्या बाईची मुलं जगत नाहीत तिचं मूल असं दुसरीने विकत घ्यायचं, त्याचं नाक टोचायचं, नाव असं ठेवायचं की ऐकणाऱ्याने तोंड वाकडं करावं. न्यायला जे कोणी येत असेल त्याला वाटावं, हे काही या बाईचं नव्हे, आणि त्याने हात हलवत परत जावं. तेव्हा आमच्या भागात हे घरोघर चाले. माझं नावही त्या कोंड्यावरूनच पडलं.

बहुतेक घरांत हा सौदा मूल चालायला लागेपर्यंत टिकायचा. पुढे आईच विसरायची आणि चारचौघांत पोराचे लाड करायची. माझी आई विसरली नाही. तिने मला अंगावर पाजलं, न्हाऊमाखू घातलं, माझ्या उवा मारल्या, मार दिला. पण "माझा" हा शब्द तोंडातून काढला नाही. लोकांत नाही, घरात नाही, देवापुढे हात जोडतानाही नाही. दिवेलागणीला गल्लीतल्या बाया दारात येऊन हाका मारत, "चल रे माझ्या राजा, जेवायला." माझी आई ओरडे, "ए पिंजारनीच्या, भाकरी गार झाली!" मी तिला आई म्हणत असे, त्याला तिची हरकत नव्हती. बंदी होती ती फक्त तिच्या स्वतःच्या तोंडाला.

गावाला याची गंमत वाटे. मला वाटत नसे. पिंजारणीला मी अम्मा म्हणायचो. तिच्या केसांत कायम कापूस असायचा, आणि आवाज असा की पिंजणाच्या टणत्कारावरूनही ऐकू यावा. "मेरा बच्चा, माझा बाळ," असं ती गल्लीभर ओरडत मला घास भरवायची. तिच्या मुली लग्न होऊन गेल्या होत्या, माया करायला तिच्यापाशी वेळ भरपूर होता. पण पोराची जात हावरट. जे समोरच्या घरात फुकट मिळत होतं त्याचं मला काही नव्हतं, आणि जे आमच्या घरात मिळत नव्हतं त्यासाठी माझा जीव तुटायचा. ताप आला की मग तर बघायलाच नको. आई चुलीपाशी पाठ करून बसायची आणि अम्माला बोलावून आणायची. कपाळावर पट्ट्या अम्माने ठेवायच्या, मांडीवर अम्माने घ्यायचं. आई पाण्याचं भांडं भरून देई आणि लगेच मागे सरे. मी तापात तिच्या पाठीकडे बघत पडून राहायचो. तिने एकदा वळून बघावं एवढंच मनात असायचं.

बाप घरात नव्हता. तो दौंडला रेल्वेच्या कामावर सुतार होता आणि मी रांगत होतो तेव्हा तिथल्या एका साहेबाच्या ओळखीने आफ्रिकेला गेला, मोंबासाला. दोन-तीन वर्षांत येतो म्हणाला होता. मध्ये लढाई लागली, बोटी बंद झाल्या, पत्रं येईनाशी झाली. बाप म्हणजे माझ्या लेखी भिंतीवर टांगलेला वाकस आणि रंधा. आई दर अमावस्येला त्या हत्यारांना तेलाचा हात लावायची. तिने त्या माणसाची वाट कशी पाहिली असेल ते मला तेव्हा कळत नव्हतं. ती दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची, आल्यावर चूल पेटवायची, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून न बोलता जेवायचो. दोन माणसांचं घर, पण कधीकधी वाटे की यात दोघंही एकेकटीच राहतात.

लढाई संपल्यावर बापाचं लांबलचक पत्र आलं. मी तोवर चांगलं वाचायला शिकलो होतो, तेव्हा ते मीच आईला वाचून दाखवलं. तो कामाला होता त्या रेल्वेच्या कारखान्याने त्याला दोन खोल्या दिल्या होत्या. तिथे आपल्या लोकांची शाळा होती, समुद्र होता, नारळ होते. आता तुम्ही दोघं या, असं त्याने लिहिलं होतं. पुढे तिथल्या सरकारचा कायदा समजावून सांगितला होता. तिथे कायम राहणाऱ्या माणसाला आपली बायको आणि स्वतःची लहान मुलं आणता येत. मुलगा स्वतःचाच पाहिजे. पुतण्या, भाचा, दत्तक, काही चालायचं नाही. मागे कितीक जणांनी भावाची पोरं आपली म्हणून उतरवली, म्हणून सरकार आता कडक झालं होतं. जन्माचा दाखला लागेल, नसेल तर गावात चौकशी होऊन आईचा जबाब लागेल. आणि घाई कर, कारण मुलाला मिसरूड फुटलं की सरकार त्याला मूल समजत नाही.

जन्माचा दाखला नव्हताच. आधीच्या तिघांची नोंद पोलीस पाटलाकडे रीतसर केली होती आणि तिघंही गेले होते, म्हणून माझ्या वेळी आईने बापाला पाटलाच्या दाराशीही जाऊ दिलं नव्हतं. म्हणजे सगळं तिच्या जबाबावर येऊन ठेपलं. मला त्यात अडचण दिसली नाही. उलट मी मनातून हरखलो. सरकार तिला विचारणार होतं, मुलगा कुणाचा, आणि सरकारला उत्तर द्यावंच लागतं. आफ्रिका मिळेल तेव्हा मिळेल, पण तो शब्द आधी मिळणार होता. मी शाळेत सगळ्यांना सिंहाच्या गोष्टी सांगत होतो आणि मनात मात्र चावडीतला तो जबाब घोळवत होतो.

अर्जासाठी फोटो हवा होता. आम्ही सर्व्हिस मोटारीने नगरला गेलो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, आणि गाडी लागून तिचे हाल झाले होते. फोटोवाल्याने आम्हाला रंगवलेल्या पडद्यापुढे बसवलं आणि काळ्या कापडात डोकं घातलं. लगेच ते बाहेर काढून म्हणाला, "बाई, मुलाला जवळ घ्या. खांद्यावर हात ठेवा."

आई म्हणाली, "हाय तसंच काढा."

"अहो, मध्ये तिसरा माणूस बसेल एवढी जागा आहे!"

"हाय तसंच काढा," ती पुन्हा म्हणाली. मी बसल्या जागी हळूच तिच्याकडे सरकलो, तेवढीच ती पलीकडे सरकली. त्या फोटोत आमच्या दोघांच्या मधून पडद्यावरचं तळं आणि एक हंस अगदी स्वच्छ दिसतो. फोटो माझ्याकडे आहे. पाहुण्यांना दाखवला की ते हंसाचं कौतुक करतात.

स्वातंत्र्य मिळालं त्या हिवाळ्यात जामखेडहून चौकशीला अव्वल कारकून आला. तो काळ आमच्याकडे बरा नव्हता. निजामाची हद्द हाकेच्या अंतरावर, तिकडून रोज काही ना काही कानावर येई, आणि रात्री गावात गस्त असे. कारकून त्याच धावपळीत होता. तरी माणूस भला होता, हे मला आजही म्हणावं लागतं. चावडीत तो सतरंजीवर बसला, शेजारी तलाठी आणि पोलीस पाटील. आई खांबाच्या आड पदर ओढून उभी राहिली. अम्मालाही बोलावलं होतं. मला समोर उभं केलं.

कारकुनाने माझं नाव विचारलं. ते ऐकून त्याने माझ्या नाकाकडे पाहिलं आणि तो गालात हसला. सगळं समजलं त्याला. मग त्याने कागदावर लेखणी टेकवली आणि विचारलं, "बाई, हा मुलगा कुणाचा?"

आई म्हणाली, "पिंजारनीचा."

पाटील खो खो हसले. कारकूनही हसला. "ते झालं हो बाई. ते मलाही ठाऊक आहे, माझ्या मावसभावाचं नाव दगडू आहे. आता खरं सांगा म्हणजे लिहून घेतो."

"खरंच सांगितलं सायेब. कोंड्याला घेतलाय तिनं."

अम्माला राहवलं नाही. ती पुढे होऊन म्हणाली, "सायेब, जनम हिनंच दिला. मी दारातच बसले हुते. कोंडा काय, रिवाज हाय आपला. लिवा तुमी."

"तुमचं म्हणणं चालायचं नाही," कारकून म्हणाला. "आईने म्हटलं पाहिजे. आणि बाई, दिवस कसले आहेत, आणि तुम्ही मला काय लिहायला लावताय? हिंदू सुताराचा मुलगा मुसलमान बाईचा म्हणून वर पाठवू मी? एकदा तोंडाने म्हणा, माझा आहे. दोन शब्द. नवऱ्याकडे जायचंय ना तुम्हाला?"

"जायचंय जी."

"मग?"

चावडीत कुणी हसेना आता. मी आईकडे बघत होतो. तिचे ओठ हलले, आणि मला वाटलं, आता येणार. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि त्या नजरेत मला पुरेपूर भीती दिसली. अंगावर साप चढलेल्या माणसाकडे आपण बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती. मग खाली मान घालून ती म्हणाली, "मी कसं म्हनू सायेब? तीन घालवले मी म्हनून म्हनून. त्यो पिंजारनीचा हाय."

कारकुनाने ऐकलं ते लिहिलं. आईने त्यावर अंगठा उठवला.

घरी येताना मी तिच्याशी बोललो नाही. पुढे पुष्कळ दिवस बोललो नाही. मला आफ्रिकेचं काही वाटत नव्हतं, बापाचंही नाही. त्याला मी ओळखतच नव्हतो. पण सरकारने विचारलं तरी हिने सांगितलं नाही, याचा संताप माझ्या डोक्यात इतका गेला होता, की तिने वाढलेली भाकरी मी अम्माच्या ओट्यावर नेऊन खायचो. ती काही म्हणायची नाही. ताटात कोरड्यास कमी पडलंय का, एवढंच दारातून बघायची.

निकाल उन्हाळ्यात लागला. बायकोला परवाना मंजूर. मुलगा अर्जदाराचा स्वतःचा असल्याचं शाबीत होत नाही, सबब नामंजूर. मागोमाग बापाचं पत्र आलं. तेही मलाच वाचावं लागलं. तुला वेड लागलंय का, असं विचारून त्याने सुरुवात केली होती, आणि पुढे पानभर तोंडसुख घेतलं होतं. मी एका सुरात वाचत गेलो. आई पिठाचा गोळा मळत होती. शेवटी त्याने दोन वाटा लिहिल्या होत्या. नगरला मॅजिस्ट्रेटसमोर शपथेवर सांग, म्हणजे फेरअर्ज करता येईल. नाही तर परवान्याची मुदत संपायच्या आत तू एकटी निघून ये, पोरगा पिंजारणीकडे राहील. ही ओळ गाळावी असं मला वाटलं, पण मी ती मोठ्याने वाचली. ती कसं तोंड करते ते मला पाहायचं होतं. ती मळत राहिली. गोळा केव्हाच झाला होता, तरी मळत राहिली.

त्यानंतर मी तिच्या मागे मागे फिरू लागलो. अबोला आपोआप सुटला, कारण माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. ती रानात गेली की मी शाळा बुडवून बांधावर जाऊन बसायचो. ती नदीवर गेली की मी काठावर. कपड्यांचं बोचकं बांधलेलं दिसलं, की मी ते सोडून बघायचो, आणि ते धुणं निघायचं. तू जाणार का, हे मी विचारू शकलो नाही. ती हो म्हणाली असती तर काय, ही धास्ती होती. गावातल्या बाया मात्र तिला बेधडक विचारत, जा गं, नवरा बोलावतोय, पोरगं काय तुझं आहे का? हे त्या चेष्टेने म्हणत. आईही हसल्यासारखं करायची. मी एकटा तेवढा तिथून उठून जायचो.

या कोंडीतून वाट काढली ती अम्माने. एका दुपारी ती हातात रिकामं सूप घेऊन तरातरा आमच्या दारात आली आणि म्हणाली, "सुतारीनबाई, माझा कोंडा परत दे."

"कसला कोंडा?"

"ह्या पोराचा. मला नको हे पोर. जुना सौदा मोडला. टाक कोंडा."

"भाबी, असं करू नका," आई म्हणाली.

"का करू नको? आज हितं हाय, उद्या आमाला हितं राहू देतील का न्हाई, अल्लाला ठावं. माझा मानूस नगरला जाऊ म्हनतोय, भावाकडं. मी गेल्यावर कुनाचा म्हनशील ह्याला? वाऱ्याचा? टाक कोंडा!"

मी दोघींच्या मध्ये उंबऱ्यावर बसलो होतो. अम्मा माझ्याकडे बघत नव्हती. बघितलं असतं तर तिचं नाटक टिकलं नसतं, हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळलं, की जिने गल्लीभर माझा माझा केलं तीही मला परत करतेय, आणि जिला परत करतेय तिला मी नको आहे. आई आत गेली. डब्यात हात घालून तिने कोंडा काढला, तो निम्मा हातातून सांडत होता. तिने तो सुपात टाकला. अम्माने सूप उचललं आणि मागे न बघता रस्ता ओलांडला. त्या दुपारी जगात मला कुणी नव्हतं, हे मी आजही शपथेवर सांगेन. मग समोरच्या घरातून अम्माचं रडणं ऐकू आलं. तिचा आवाज मोठा, रडणंही मोठंच. आईने डोळे पुसले आणि माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "नगरला जायाचं."

पाऊसकाळ सरता सरता आम्ही नगरला गेलो. कचेरी मोठी होती, उंच छताची, आणि बाहेर व्हरांड्यात माणसं उकिडवी बसली होती. वकिलाने कागद लिहून ठेवला होता, फक्त साहेबासमोर तो कबूल करायचा होता. आमचा पुकारा झाला. आम्ही आत गेलो, आणि आईने पहिली गोष्ट केली ती ही, की हात जोडून ती म्हणाली, "सायेब, पोराला भायेर पाठवा."

साहेब म्हणाले, "असू दे की. त्याच्याबद्दलच तर आहे."

"त्याच्यादेखत म्हनायची न्हाई मी."

साहेबांनी वकिलाकडे पाहिलं, वकिलाने खांदे उडवले, आणि पट्टेवाल्याने माझ्या दंडाला धरून मला व्हरांड्यात आणून सोडलं. दार लोटून घेतलं. मी दाराला कान लावला. आत टाइपरायटर चालू होता. जो शब्द ऐकायला मी जन्मभर थांबलो होतो तो आत बोलला जात होता, आणि मला ते यंत्र तेवढं ऐकू येत होतं. मी दार ढकललं तेव्हा पट्टेवाला माझ्या अंगावर ओरडला. मग आई बाहेर आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय म्हणालीस?" मी विचारलं.

"इचारू नगंस."

"सांग ना, काय म्हणालीस?"

"इचारू नगंस म्हनलं ना!" ती म्हणाली आणि माझ्यापुढे झपाझप चालू लागली. मोटारीत ती बायकांच्या बाकावर जाऊन बसली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती.

तिथून परवाना येईपर्यंतचे दिवस कसे गेले, ते मलाच ठाऊक. ती डोळ्यांत तेल घालून माझ्यावर लक्ष ठेवायची, पण लांबून. मी खोकलो की ती दचकायची. पायात काटा मोडला तर काढायला शेजाऱ्याला बोलवायची. माझं अंथरूण आत आणि तिचं ओसरीवर, तेही मधलं दार ओढून. नेहमीसारखा हिवताप आला तेव्हा ती घरातून निघून देवळात जाऊन बसली आणि मी बरा होईपर्यंत परत आली नाही. तोवर अम्माचं बिऱ्हाड गावातच होतं, सौदा मोडला तरी उशाशी तीच बसली. मी शुद्धीवर आलो तेव्हा आई दारात उभी होती, वाळून काडी झालेली. मी बरा झाल्याचा आनंद तिच्या तोंडावर मला दिसला. त्याबरोबरच तिने काहीतरी ठरवल्याचंही दिसलं, पण काय ते मला उमगलं नाही.

परवाने आले, माझा नवा आणि आईचा मुदत वाढवून. बापाच्या कारखान्यातला एक सुतार सुट्टीवर नगरला आला होता आणि बायको-मुलांसह परत निघाला होता. त्यांच्याबरोबर जायचं ठरलं. गावाने नारळ देऊन आम्हाला निरोप दिला. अम्मा आदल्या आठवड्यातच नवऱ्याबरोबर नगरला गेली होती, ती तिथल्या स्टेशनवर भेटायला आली. तिने माझ्या तोंडात साखर घातली, पोटभर मुके घेतले आणि ती बाजूला जाऊन उभी राहिली. माझी पत्र्याची पेटी फलाटावर होती. मी इकडेतिकडे पाहिलं. आईची पेटी नव्हती, बोचकं नव्हतं, साधी पिशवीही नव्हती.

"तुझं सामान कुठे?" मी म्हणालो.

ती माझ्यापासून हातभर अंतर ठेवून उभी होती. "मी येत न्हाई," ती म्हणाली. "त्यांना कळवलंय मी, तलाठ्याकडनं लिवून घिऊन."

"का?"

"म्हनून बसले ना मी, सायेबापुढं. आता माझ्याजवळ ऱ्हायचं न्हाई तुवा. लांब ऱ्हायचं. समिंदर मधी पडला की मग काय भ्या न्हाई." आणि मग रागावल्यासारखी, "आता रडू नगंस, लोक बघत्यात. जा, बस गाडीत."

मी तिला बिलगायला गेलो. ती मागे सरकली. त्या सुताराने मला उचलून डब्यात चढवलं. मी खिडकीपाशी बसलो आणि गजांना धरून तिच्याकडे बघत राहिलो. तिने तोंड फिरवलं होतं, तापात दिसायची तशी तिची पाठच मला दिसत होती. अम्मा तिच्या खांद्यावर हात ठेवून उभी होती. आई त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मीही जगलो, मोंबासात शिकलो, तिथे बापाच्या हाताखाली सुतार झालो. तिचा परवाना मुदत संपून वाया गेला. आम्ही दोघंही जगलो, तेव्हा तिचा हिशेब चुकला असं कोणत्या तोंडाने म्हणू?

गाडीने शिटी दिली. दौंडपर्यंत निघालेली एक म्हातारी माझ्यासमोर बसली होती. ती मघापासून माझ्या तोंडाकडे आणि फलाटाकडे आळीपाळीने बघत होती. गाडी हलली तशी आई एकदम वळली आणि दोन-चार पावलं गाडीबरोबर चालत आली. तिने हात वर केला नाही, नुसती बघत राहिली. म्हातारीने विचारलं, "ती वाळकी बाई कोन रं? आई व्हय तुजी?"

माझ्या तोंडात "हो" आला होता. मी फलाटाकडे पाहिलं. ती अजून दिसत होती, जिवंत, आपल्या पायांवर उभी. मी म्हणालो, "न्हाई आजी. आमच्या गावच्या हायती त्या." म्हातारी बरं म्हणाली आणि चंची उघडून पान लावू लागली.